वाणीची विद्या आणि दूरचा गुरू

वाचा मनुष्यास जन्मतःच मिळते अशी सर्वसामान्य समजूत आहे. वस्तुतः जन्मतः मिळतो तो केवळ कंठ. बोलणे त्याला शिकावे लागते, आणि ते तो दुसऱ्याच्या ओठांकडे पाहून व दुसऱ्याचा शब्द कानी घेऊन शिकतो. भारतात ज्यांनी उच्चाराचे शास्त्र प्रथम रचले त्या प्राचीन वैयाकरणांनी त्या शास्त्राला ‘शिक्षा’ असे नाव दिले. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य व ओष्ठ्य ही त्यांनी केलेली वर्णांची मांडणी आजही प्रत्येक मराठी मूल क, च, ट, त, प या क्रमाने पाटीवर गिरविते. ही मांडणी म्हणजे मुखाचा नकाशाच होय. तो इतका अचूक होता की, एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य ध्वनिशास्त्र उभे राहिले तेव्हा त्याला या मांडणीचा मोठा आधार मिळाला.

तथापि याच परंपरेने एक इशाराही देऊन ठेविला आहे. ‘पाणिनीय शिक्षा’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथात अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. गाण्याच्या सुरात वाचणारा, घाईने वाचणारा, मान डोलावीत वाचणारा यांच्या पंक्तीस तेथे नुसते लिहिलेले पाहून वाचणाराही बसविलेला आहे. वाणीची विद्या गुरुमुखातूनच घ्यावी, पोथीवरून घेऊ नये, असा त्याचा भावार्थ.

या इशाऱ्याची आठवण आज होण्याचे कारण असे की, वाणीचे दोष दूर करण्याची विद्या, म्हणजेच वाचोपचार, अमेरिकेतील अनेक विद्यापीठे आता संगणकाच्या पडद्यावरून शिकवितात. विद्यार्थी एका गावी, अध्यापक दुसऱ्या प्रांतात, आणि तरीही पदवी तीच. बोलणे शिकविण्याची विद्या न भेटता शिकता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर तर्काने शोधण्यापेक्षा इतिहासात शोधणे बरे. कारण या विद्येपुढे अंतराचा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीपासून उभा आहे.

सोळाव्या शतकात स्पेनमधील ओन्या येथील मठात पेद्रो पोन्से दे लिऑन नावाचा बेनेडिक्टाइन संन्यासी राहत असे. वेलास्को या उमराव घराण्यातील जन्मतः बहिऱ्या मुलांना त्याने लिहिण्यास, वाचण्यास व बोलण्यास शिकविले. बहिरा मनुष्य कधीच बोलू शकणार नाही ही त्या काळची दृढ समजूत त्याने आपल्या कृतीने खोटी पाडली. १५८४ साली तो निवर्तला आणि त्याची पद्धती बहुतांशी त्याच्याबरोबरच गेली. पुढे १६२० साली हुआन पाब्लो बोनेत याने माद्रिद येथे या विषयावर एक ग्रंथ छापला. मुक्यांना बोलण्यास शिकविण्याच्या कलेवरील तो पहिला छापील ग्रंथ मानला जातो. मठाच्या भिंतीआड राहिलेली विद्या ग्रंथरूपाने बाहेर पडली, आणि ज्याने गुरूचे तोंड पाहिले नाही अशालाही ती वाचता येऊ लागली.

परंतु विद्या छापली गेली म्हणजे ती सर्वांस मोकळी झाली असे मात्र घडले नाही. अठराव्या शतकात जर्मनीतील सामुएल हायनिके याने बहिऱ्यांना बोलण्यास शिकविण्याची आपली रीत गुप्त ठेविली. स्कॉटलंडमधील ब्रेडवुड घराण्यानेही तेच केले. याच्या उलट पॅरिसचा धर्मगुरू आबे द लेपे याने आपली शाळा ज्याला यावेसे वाटेल त्याला खुली केली. त्याचा भर उच्चारापेक्षा खुणांच्या भाषेवर होता हे खरे. पण शिक्षक तयार करावयाचे तर पद्धती उघड्यावर मांडली पाहिजे, हे त्याने ओळखले होते. या दोन वृत्तींतील फरकाचा अनुभव अमेरिकेच्या थॉमस गॅलॉडेट याला आला. १८१५ साली तो ही विद्या शिकण्यासाठी अटलांटिक महासागर ओलांडून ब्रिटनमध्ये गेला. तेथे ब्रेडवुडांच्या अटी त्याला मानवल्या नाहीत. मग तो पॅरिसला गेला, तेथे शिकला, आणि लोराँ क्लेर या बहिऱ्या शिक्षकाला बरोबर घेऊन स्वदेशी परतला. १८१७ साली हार्टफर्ड येथे त्यांची शाळा उघडली. अमेरिकेत बहिऱ्यांच्या शिक्षणाने जे रूप घेतले, त्याला एका घराण्याचे बंद दार व दुसऱ्या संस्थेचे उघडे दार कारणीभूत झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकशास्त्रानेही या विषयात लक्ष घातले. १८६१ साली पॅरिसच्या पॉल ब्रोका याने एका रुग्णाच्या मेंदूची शवपरीक्षा केली. या रुग्णाला जवळजवळ एका अक्षरापलीकडे काही बोलता येत नसे. मेंदूच्या डाव्या पुढच्या भागातील इजेशी त्याच्या वाचाघाताचा संबंध ब्रोकाने जोडला. १८७४ साली कार्ल व्हेर्निके याने वाचाघाताचा दुसरा प्रकार दाखविला. या प्रकारात रुग्ण भराभर बोलतो. परंतु बोलण्याला अर्थ राहत नाही व दुसऱ्याचे बोलणे त्याला उमगत नाही. बोलणे जाणे म्हणजे केवळ जीभ जड होणे नव्हे, हे या संशोधनांनी स्पष्ट झाले.

याच काळात अलेक्झांडर मेलव्हिल बेल याने १८६७ साली ‘दृश्य वाणी’ या अर्थाच्या नावाची लिपी प्रसिद्ध केली. प्रत्येक उच्चाराच्या वेळी जीभ, ओठ व कंठ कोणत्या स्थितीत असतात ते त्या लिपीच्या चिन्हांतच दिसे. त्याचा मुलगा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल १८७१ पासून बॉस्टन येथे बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांस ही लिपी शिकवीत असे. या वाणीशिक्षकानेच १८७६ साली टेलिफोनचे पेटंट घेतले. मनुष्याचा आवाज तारेवरून दूर नेण्याची कल्पना बोलणे शिकविणाऱ्या माणसाच्या हातून सिद्धीस गेली, आणि आज हीच विद्या त्या तारांच्या वंशजांवरून प्रवास करीत आहे.

भारतात या कार्याचा संस्थारूप आरंभ मुंबईस झाला. १८८५ साली माझगाव येथे मूकबधिरांसाठी संस्था निघाली. कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांचा तिच्या स्थापनेत पुढाकार होता, आणि या प्रकारची ती देशातील पहिली संस्था समजली जाते. मात्र शिक्षकांना शिक्षण देणारी विद्यापीठीय व्यवस्था येथे अजून दूर होती.

वाचोपचार हा स्वतंत्र व्यवसाय झाला तो विसाव्या शतकात. आरंभीचे उपचारक बहुधा वक्तृत्वाचे शिक्षक किंवा स्वतःच त्या दुःखातून गेलेले लोक असत. ऑस्ट्रेलियातील लायोनेल लोग याच्यापाशी वैद्यकाची पदवी नव्हती. तो वक्तृत्वकलेचा शिक्षक होता. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या, धक्क्याने वाचा गमावलेल्या सैनिकांवर उपाय करता करता तो शिकला. १९२६ साली लंडनमध्ये त्याच्याकडे यॉर्कचे ड्यूक, म्हणजे पुढचे सहावे जॉर्ज, तोतरेपणावर उपाय करून घेण्यास आले. अशा अनुभवी परंतु निरनिराळ्या वाटांनी आलेल्या लोकांना एका शिस्तीखाली आणण्याची गरज भासू लागली, आणि १९४५ साली ब्रिटनमध्ये वाचोपचारकांची व्यावसायिक संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत लोगही होता.

अमेरिकेत हे कार्य आयोवा विद्यापीठाच्या आश्रयाने वाढले. तेथील ली एडवर्ड ट्रॅव्हिस व त्याचे सहकारी यांनी १९२५ साली जी लहानशी परिषद स्थापन केली, तिचेच रूपांतर आजच्या अमेरिकन वाचा-भाषा-श्रवण संघटनेत झाले. आयोवात शिकलेला चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः तोतरा होता. १९३६ साली त्याने मिशिगन राज्यातील कॅलमझू येथे उपचारकेंद्र उघडले आणि १९३९ साली वाणीच्या सुधारणेवर पाठ्यपुस्तक लिहिले. हे पुस्तक पुढे कित्येक आवृत्त्यांतून विद्यार्थ्यांच्या हाती राहिले.

परंतु १९३९ हेच वर्ष याच विद्यापीठाच्या इतिहासात एका दुःखद प्रकरणासाठीही ओळखले जाते. वेंडेल जॉन्सन हा विद्वान स्वतः तोतरेपणाने पीडित होता. मुलाच्या बोलण्यात दोष आहे असे वडीलधारी माणसे सतत म्हणत राहिल्यानेच ते मूल तोतरे होते, असा त्याचा तर्क होता. त्याच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डॅव्हनपोर्ट येथील अनाथाश्रमातील २२ मुलांवर प्रयोग केला. नीट बोलणाऱ्या काही मुलांनाही, तुमचे बोलणे सदोष आहे, असे वारंवार सांगण्यात आले. त्यांपैकी काही मुले बोलण्यास कचरू लागली, शाळेत गप्प राहू लागली. हा प्रबंध बरीच वर्षे ग्रंथालयातच पडून होता. २००१ साली विद्यापीठाने या प्रयोगाबद्दल जाहीर क्षमा मागितली.

या प्रकरणापासून घेण्याजोगा बोध असा की, वाचोपचारात हत्यार म्हणून वापरले जाते ते उपचारकाचे बोलणेच. शस्त्रवैद्याची सुरी चुकली तर रक्त दिसते. पण एखाद्या मुलाच्या मनात बोलण्याचे भय बसले तर ते कोणास दिसत नाही. म्हणून नवशिक्या उपचारकाच्या शेजारी, त्याचा शब्द न् शब्द ऐकणारा व वेळीच थांबविणारा जाणता मनुष्य असावा लागतो, आणि त्या जाणत्यावरही धर्मबुद्धीचे बंधन असावे लागते. आयोवात मार्गदर्शक होता. उणीव होती ती या बंधनाची.

आता दूरशिक्षणाच्या इतिहासाकडे वळावयास हरकत नाही. १८५८ साली लंडन विद्यापीठाने आपल्या परीक्षा कोठेही शिकलेल्या उमेदवारांस खुल्या केल्या. १८९२ साली उघडलेल्या शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम हार्पर यांनी पत्रद्वारा हिब्रू भाषा शिकविलेली होती. त्या अनुभवाच्या बळावर त्यांनी विद्यापीठात पत्रद्वारा शिक्षणाचा विभागच काढला. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नोकरी सांभाळून, रात्री कंदिलाच्या उजेडात पुस्तके वाचून ‘बाहेरून’ परीक्षेस बसलेल्या शिक्षकांची एक मोठी पिढी मराठी समाजात होऊन गेली आहे. दूरशिक्षण म्हणजे कमी प्रतीचे शिक्षण असे म्हणणाऱ्याने तिच्याकडे पाहावे.

तथापि भाषा, इतिहास व गणित यांना जे साधते ते प्रयोगाच्या विषयांना सहज साधत नाही, हेही दूरशिक्षणाच्या धुरीणांनी लवकरच जाणले. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले आणि १९७१ साली त्याचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. व्याख्याने आकाशवाणी व दूरचित्रवाणीवरून होत. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस प्रयोगसाहित्याची पेटी घरपोच पाठविण्यात येई आणि उन्हाळ्यात त्यांना निवासी वर्गास हजर राहावे लागे. म्हणजे सिद्धांत टपालाने व ध्वनिलहरींवरून जाई, परंतु हाताची सवय लावण्यासाठी विद्यार्थी व अध्यापक यांना एकत्र यावेच लागे.

अमेरिकेत वाचोपचाराची पदवी संगणकावरून देण्यास प्रारंभ झाला तेव्हा हीच वाट स्वीकारली गेली. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून अशा अभ्यासक्रमांची संख्या वाढत गेली. २०१० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क विद्यापीठ व बॉस्टनचे एमर्सन महाविद्यालय यांसारख्या नामांकित संस्थाही त्यात उतरल्या. शरीररचना, ध्वनिशास्त्र, मुलांच्या भाषेची वाढ, वाचाघात, गिळण्याचे विकार हे विषय विद्यार्थी घरी बसून शिकतो. परंतु व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी त्याला ४०० तास प्रत्यक्ष अनुभवाचे भरावे लागतात. त्यांपैकी २५ तास निरीक्षणाचे व ३७५ तास रुग्णांशी प्रत्यक्ष कामाचे. अनुरूप परिस्थिती कृत्रिमरीत्या उभी करून केलेला सराव त्यात मोजला जातो, पण त्यालाही ७५ तासांची मर्यादा आहे. शिकाऊ उपचारक प्रत्येक रुग्णाबरोबर जो वेळ घालवितो, त्याच्या किमान चौथा हिस्सा तरी पर्यवेक्षकाने स्वतः पाहिला पाहिजे असाही दंडक आहे. यासाठी विद्यार्थ्याला आपल्या गावच्या शाळेत किंवा रुग्णालयात जागा मिळवून तेथील तज्ज्ञाच्या हाताखाली काम करावे लागते. म्हणजे अध्यापक दूर असला तरी कान देणारा गुरू जवळच असतो.

दूरवरून उपचार करण्याच्या पद्धतीसही अमेरिकन संघटनेने २००५ साली मान्यता दिली. २०२० साली करोनाच्या साथीने शाळा व उपचारकेंद्रे बंद पडली तेव्हा हा मार्ग अपवादाचा न राहता नित्याचा झाला. पर्यवेक्षणही काही काळ पडद्यावरून चालले. या काळाने एक गोष्ट सिद्ध केली: पुष्कळसे काम दुरून होऊ शकते. दुसरीही एक गोष्ट तितकीच सिद्ध झाली: पडद्यासमोर न बसणारे चंचल मूल, घास गिळताना ठसकणारा वृद्ध आणि ज्याच्या घरी यंत्र नाही असा गरीब यांना दुरून हात पोहोचत नाही.

भारतात या विद्येचे विद्यापीठीय शिक्षण साठ वर्षांचे आहे. १९६५ साली म्हैसूर येथे वाचा व श्रवण यांसाठी अखिल भारतीय संस्था निघाली. त्याच सुमारास मुंबईच्या नायर रुग्णालयातही हे शिक्षण सुरू झाले. १९८३ साली वांद्रे येथे राष्ट्रीय संस्था स्थापन होऊन तिला अली यावर जंग यांचे नाव देण्यात आले. मूळचे हैदराबादचे व उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले अली यावर जंग १९७१ ते १९७६ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्या संस्थेचे एक केंद्र सिकंदराबाद येथे आहे. १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्याने या व्यवसायास नोंदणीचे बंधन आले. येथील पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यातील एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते.

२००७ च्या सुमारास म्हैसूरच्या संस्थेने एक मध्यम मार्ग चोखाळला. श्रवण, भाषा व वाचा या विषयांची एक वर्षाची पदविका तिने मुंबई, दिल्ली, पुदुच्चेरी अशा दूरच्या केंद्रांवर सुरू केली. व्याख्यान म्हैसूरहून पडद्यावर यावे आणि प्रात्यक्षिक त्या त्या गावच्या रुग्णालयात व्हावे, अशी योजना होती. हा पदविकाधारक स्वतंत्र तज्ज्ञ नव्हे. तो तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करणारा साहाय्यक होय. दुसऱ्या बाजूस, २०२५ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्र, पोषणशास्त्र यांसारखे आरोग्यसेवेशी निगडित विषय संपूर्णपणे ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने शिकविण्यास प्रतिबंध केला. या दोन निर्णयांमागची चिंता एकच आहे. रुग्णाच्या शेजारी न बसता कोणी उपचारक होऊ नये.

मग दूरशिक्षणाची उठाठेव तरी कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर भाषेत आहे. १८९५ साली फ्रेंच वैद्य आल्बेर पित्र याने अनेक भाषा जाणणाऱ्या वाचाघाताच्या रुग्णांविषयी लिहिले. आजारापूर्वी जी भाषा रुग्णाला अधिक सरावाची होती ती बहुधा आधी परत येते, असे त्याने नमूद केले. पुढे या नियमाला अपवाद आढळले. परंतु रुग्णाशी कोणत्या भाषेत बोलावे हा उपचाराचाच प्रश्न आहे, हे तेव्हापासून कोणी नाकारलेले नाही. बेळगावच्या एखाद्या घरात मराठी, बाजारात कन्नड व शाळेत इंग्रजी चालते. गोव्यात मराठीच्या जोडीला कोकणी, वडोदऱ्यास गुजराती, इंदूर-ग्वाल्हेरीस हिंदी, हैदराबादेत तेलुगू व उर्दू आहे. अर्धांगवायूने वाचा गेलेल्या आजोबांच्या ओठांवर पहिला शब्द कोणत्या भाषेतून येईल हे परगावच्या तज्ज्ञाला कसे कळावे?

मुलांच्या बाबतीत ही अडचण आणखी सूक्ष्म आहे. मराठीतील ‘चहा’ व ‘चाक’ यांतील च एक नव्हे. ‘जीव’ व ‘जावई’ यांतील ज एक नव्हे. ज्याला हा भेद ठाऊक नाही तो मुलाच्या शुद्ध उच्चाराला दोष ठरवील किंवा खऱ्या दोषाकडे काणाडोळा करील. निर्दोष मुलाला सदोष म्हणण्याचा परिणाम काय होतो हे डॅव्हनपोर्टने दाखविलेच आहे. त्यासाठी उपचारक त्या मुलाच्या भाषेत वाढलेला पाहिजे. पण मोठ्या शहरी जाऊन चार वर्षे राहणे ज्यांना परवडत नाही अशा, विशेषतः संसार मागे असलेल्या स्त्रियांना, ही विद्या आजही दुष्प्राप्य आहे. परदेशची पदवी पडद्यावरून मिळाली तरी तिच्या आधारे येथे काम करण्यासाठी येथल्या परिषदेची मान्यता लागतेच. तेव्हा जे करावयाचे ते येथेच, येथल्या रुग्णालयांच्या व शाळांच्या साहाय्याने केले पाहिजे.

गॅलॉडेटला एका विद्येसाठी महासागर ओलांडावा लागला. आज व्याख्यान क्षणात समुद्र ओलांडून येते, आणि ही या युगाची मोठी देणगी आहे. परंतु जिल्ह्याजिल्ह्याच्या रुग्णालयात शिकाऊ उपचारकाच्या शेजारी बसून त्याचे बोलणे ऐकणारा जाणता मनुष्य नेमला गेला, तरच त्या देणगीचे चीज होईल. अशा जागा जेथे निर्माण होतील तेथे व्याख्यान म्हैसूरहून आले काय किंवा न्यूयॉर्कहून आले काय, त्यापासून एखाद्या मुक्या घरात शब्द परत येण्यास साहाय्यच होईल.